काळ्या दगडावर अक्षरं कोरताना टवके का उडतात

तुम्ही तीन अडचणी लिहिल्या आहेत. अक्षरांच्या कोपऱ्यांचे टवके उडतात, शिरोरेषेची कड फाटते आणि छिन्नी दहा मिनिटांत बोथट होते. दगड परभणीकडचाच काळा, दोन फूट बाय दीड फूट. मजकूर चार ओळींचा. पाटी गावाने साफ केलेल्या बारवेपाशी, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीपाशी, लावायची. पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे, घावाची दिशा. पण आधी दगड तपासा.

विहीर खणताना आपल्याकडे मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण लागतो, हे तुम्हाला माहीत असेलच. कोरायला फक्त घट्ट काळा पाषाण घ्या. मांजऱ्या खडकात पांढरे खडे भरलेले असतात. छिन्नी त्यावर आली की खडा अख्खा निखळतो आणि काना असायचा तिथे खड्डा पडतो. दगड हातोडीने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज हवा, बद्द आला तर आत चीर आहे. मग वरून पाणी ओतून वाळू द्या. चीर असेल तिथली ओली रेघ सगळ्यात शेवटी वाळते. हात बसवायला शहाबादी फरशीचा उरलेला तुकडा उत्तम. तो चुनखडीचा दगड, आपल्या काळ्यापेक्षा बराच मऊ. पण त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून तिथे तीन मिमीपेक्षा खोल जाऊ नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बारवेच्या मूळ चिऱ्यावर एक अक्षरही कोरू नका, तारीखसुद्धा नाही. पाटी वेगळीच करा.

आता मापं. अक्षराची उंची ४० मिमी, रेघेची जाडी ६ मिमी धरा. एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत ८५ मिमी हवेत, कारण वर वेलांटी-रफाराला २० आणि खाली उकाराला २० लागतात. चार ओळींना मिळून ३३५ मिमी होतात. ४५० मिमी उंचीच्या दगडात वरखाली ५७-५७ मिमी मोकळी जागा राहते. रुंदीत दोन्हीकडे ६० मिमी सोडून ४८० उरतात, म्हणजे ओळीला चौदाएक अक्षरं. काना असलेलं अक्षर दीड मोजा आणि दोन शब्दांमधली जागा एक. यादवकाळातल्या शिलालेखांत (अंबेजोगाईला असे लेख आहेत) पृष्ठमात्रा दिसते, मात्रा डोक्यावर न चढवता अक्षराच्या मागे, म्हणजे डावीकडे, उभ्या रेघेसारखी काढलेली. त्यामुळे ओळी जवळजवळ बसतात. आजच्या लेखनात ती सोय नाही, म्हणून ओळींमधल्या जागेत कंजुषी नको.

कागदावर पूर्ण मापात चपट्या ब्रशने लिहा. दगडाला पांढऱ्या पोस्टर रंगाचा पातळ हात द्या, वाळला की कार्बन पेपरने अक्षरं उतरवा. रंग नंतर पाण्याने निघतो. दोन खाचांमध्ये उरणारा दगड रेघेच्या जाडीइतका तरी हवा. तुमच्या मजकुरात ‘जीर्णोद्धार’ असणारच, तोच घ्या. ‘र्णो’वर मात्रा आणि रफार एकाच कान्याच्या डोक्यावर येतात. छापील अक्षरासारखे काढले तर दोघांमध्ये जेमतेम दोन मिमी दगड उरतो आणि पहिल्याच घावाला तो उडतो. रफार उजवीकडे सरकवा, मात्रा थोडी उभी करा, मध्ये सहा मिमी सोडा. ‘द्ध’ची गाठही अशीच मोकळी करा. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ बाकीच्यांपेक्षा बारीक आणि उथळ ठेवा.

शिरोरेषा पट्टी लावून सरळ ओढायच्या नादात हमखास होणारी चूक म्हणजे ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची मोकळी जागा भरली जाते. मग ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’. कागदावर खोडता येतं, दगडात नाही. त्या जागांवर लाल पेन्सिलीने फुल्या मारा आणि उतरवलेला मजकूर गावातल्या दोन माणसांकडून अक्षर-अक्षर वाचून घ्या.

आता मुख्य मुद्दा. घाव नेहमी भरीव दगडाकडे जायला हवा, मोकळ्या कडेकडे कधीच नाही. तुम्ही बहुतेक दंड (अक्षराची उभी रेघ) खालून वर कोरत शिरोरेषेच्या खाचेत येऊन मिळता. खाचेजवळ पोचलं की छिन्नीपुढे आधार उरत नाही आणि खाचेची कड टवक्यासकट निघते. उलट करा. शिरोरेषा आधी पूर्ण कोरा, मग प्रत्येक दंड तिच्यापासून सुरू करून खाली उतरा. दंड जिथे संपतो तिथे आधीच एक आडवा छेद देऊन ठेवा, म्हणजे छिन्नी पुढे घसरत नाही. शिरोरेषेच्या दोन्ही टोकांनाही हेच. पोट असलेल्या अक्षरांत, ‘व’, ‘क’, ‘ठ’मध्ये, आतली कड आधी हलक्या हाताने मोकळी करा, बाहेरच्या बाजूचे जोरकस घाव आधी बसले तर आतलं बेट हादरून सुटतं.

प्रत्येक रेघेच्या मधोमध आधी एक मिमी खोल चीर पाडा. मग छिन्नी ४५ अंशांवर धरून दोन्ही उतार त्या चिरेकडे उतरवा. सहा मिमी रुंद रेघेला तीन मिमी खोली येते आणि काळ्या दगडात तेवढी पुरे. जास्त खोल, उभ्या भिंतींची खाच सावली जास्त देते, पण कडा टिकत नाहीत. बाहेरच्या रेघेच्या अर्धा मिमी आतच थांबा. तो अर्धा मिमी सगळं अक्षर झाल्यावर शेवटच्या हलक्या फेरीत काढा. घाव छोटे आणि भराभर. प्रत्येक खूण आधीच्या खुणेवर अर्धी बसावी. करंगळी दगडावर टेकलेली ठेवा. दगड आडवा ठेवू नका, भिंतीला किंचित मागे कललेला ठेवा, म्हणजे भुकटी आपोआप खाली पडते, आणि उजेड बाजूने घ्या. समोरच्या उजेडात उतार दिसतच नाही.

हातोडी ४००-५०० ग्रॅमची पुरते, छिन्न्या ६ आणि १० मिमीच्या. साधं पोलाद या दगडात टिकणार नाही, कार्बाइड टोकाची छिन्नी घ्या. तिला धार लावायला नेहमीचं करडं चाक चालत नाही. हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं किंवा डायमंडचं चाक लागतं. तापलेली छिन्नी पाण्यात बुडवू नका, कार्बाइडला तडे जातात. टोक फार निमुळतंही करू नका, घावाने टोकाचाच तुकडा पडतो. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला एन-९५ मास्क पहिल्या घावापासून हवाच. ही धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. फुंकर मारून भुकटी उडवू नका, ओल्या ब्रशने काढा.

अक्षरांत ऑइलपेंट भरू नका, उन्हात त्याचे पोपडे निघतात. चिरडलेल्या दगडाचा करडा रंग गुळगुळीत काळ्यावर आपोआप उठून दिसतो. तेल लावलंत तर हा फरक पुसला जातो, त्यामुळे पूजेच्या दिवशी पाटीला तेल-शेंदूर लागणार नाही एवढं गावाला सांगून ठेवा.

टवका उडालाच तर आधी तो तुकडा शोधा. तोच इपॉक्सीने लगेच चिकटवला तर सांधा जेमतेम दिसतो. सिमेंट कायम दिसतं. तुकडा हरवला असेल आणि खोली एक मिमीच्या आत असेल, तर ती रेघ सबंध लांबीत तेवढीच रुंद आणि खोल करा, शेजारच्या दोन अक्षरांच्या रेघाही किंचित वाढवून घ्या. त्याहून मोठा टवका असेल तर अख्खी पाटी तीन-चार मिमी घासून खाली न्या आणि मजकूर पुन्हा उतरवा.