एआय शिकायला जायचंय, घर गहाण ठेवू का?

सोलापुरात गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस होते. होम मैदानाकडे जाणाऱ्या गर्दीत अडकून साडेसातची वेळ घेतलेले बाप-लेक माझ्याकडे सव्वाआठला पोचले. वडिलांच्या हातात फाइल होती. बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, बँकवाले घराची कागदं मागाय लागलेत. देऊ का नको, तेवढं सांगा."

मी शिक्षण-करिअरचं समुपदेशन करते, आणि या ना त्या शब्दांत हा प्रश्न हल्ली दर महिन्याला कुणीतरी घेऊन येतं. आधी डॉक्टरकीसाठी रशिया-चीन होतं, मग एमएससाठी अमेरिका. आता सगळ्यांच्या तोंडी एआय आणि डेटा सायन्स. घराची कागदं द्यायची की नाही हे मी सांगत नाही, तो माझा प्रांत नव्हे. पण या कुटुंबाशी चार बैठकांत जे बोलणं झालं ते त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून इथे लिहिते आहे.

वडिलांचे आठ यंत्रमाग, टॉवेलचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी. घराची जागा आजीने विड्या वळून साठवलेल्या पैशांतून घेतलेली. त्यामुळे 'कागदं' म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खाली जात होता. मुलगा बी.टेक.च्या शेवटच्या वर्षाला. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचं ऑफर लेटर आलेलं, एक वर्षाची एमएस्सी, फी १८,५०० पौंड, त्यातले ४,००० महिनाअखेर भरायचे. हे सगळं पुण्याच्या एका एजंटाने जुळवून दिलेलं. त्याचा रोज फोन, "सीट जाईल."

"एवढं सुचेनासं झालंय," वडील म्हणाले, "की मागावर उभा राहतो आणि काय करलालोय तेच कळत नाही."

मुलाला विचारलं, ब्रिटनच का? उत्तर तयार होतं. "एका वर्षात होतं. नंतर जॉब शोधायला दोन वर्षं मिळतात. सध्या एआयचा स्कोप आहे, आत्ता नाही गेलो तर गाडी सुटेल." ही वाक्यं त्याची नव्हती. याच क्रमाने, याच शब्दांत ती मी वेगवेगळ्या मुलांकडून इतक्या वेळा ऐकली आहेत की पुढचा शब्द मीच सांगू शकते.

फाइल चाळताना वडील कौतुकाने म्हणाले, "दोन्हीकडं नाव सेम आहे बघा." खरंच होतं. बी.टेक.ची शाखा आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स आणि एमएस्सीसुद्धा आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स. त्यांच्या लेखी ती जमेची बाजू होती. माझ्या मनात मात्र तिथेच पाल चुकचुकली.

"विषयांची यादी आहे का?" मी विचारलं. फाइलमध्ये विद्यापीठाच्या इमारतीचे रंगीत फोटो होते, फीचा तक्ता होता, हॉस्टेलचं पत्रक होतं. विषय नव्हते. मुलाने मोबाइलवर शोधून काढेपर्यंत दहा मिनिटं गेली. मी त्याच्यापुढे कागद सरकवला आणि म्हटलं, यातलं जे कॉलेजात झालंय त्यापुढे खूण कर. पायथन प्रोग्रॅमिंग, खूण. संख्याशास्त्राची ओळख, खूण. डेटाबेस, खूण. मशीन लर्निंग, खूण. डेटा व्हिज्युअलायझेशन, खूण. एआय आणि नीतिमत्ता, तेही एका सत्रात झालेलं. राहिला फक्त शेवटचा प्रकल्प. पेन खाली ठेवलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

वडिलांनी कागद उलटा करून पाहिला, मग सुलटा. "म्हणजे झालेलंच परत?"

यात विद्यापीठाची फसवणूक नाही, हे मी त्यांना लगेच सांगितलं. २०२० पासून ब्रिटनच्या सरकारने तिथल्या विद्यापीठांना पैसे देऊन एक प्रकारच्या एमएस्सीला चालना दिली. इतिहास, जीवशास्त्र, वाणिज्य अशा कुठल्याही शाखेच्या पदवीधराला वर्षभरात एआय आणि डेटा सायन्सकडे वळवायचं, हा तिचा उद्देश. त्यांना कन्व्हर्जन कोर्स म्हणतात. बी.कॉम. झालेल्या मुलीला तो उत्तम. याच विषयात चार वर्षं घालवलेल्या मुलाला तो म्हणजे दहावी झाल्यावर पुन्हा नववीत बसणं. त्याच देशात कॉम्प्युटरची पदवी आणि पक्कं गणित मागणारे, पुढचं शिकवणारे अभ्यासक्रमही आहेत, पण नावावरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक प्रवेशाच्या अटींत कळतो. 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' असं लिहिलं असेल तर आपल्या मुलाने दोनदा विचार करावा. पाच-सहा वर्षांपूर्वी मीसुद्धा फक्त विद्यापीठाचं नाव बघायची. आता विषयांची यादी वाचल्याशिवाय तोंड उघडत नाही.

एजंटाने हे का सांगितलं नाही, असं मुलाने विचारलं. विद्यार्थी दाखल झाला की अनेक विद्यापीठं एजंटाला कमिशन देतात. आपल्याकडून तो थोडीच फी घेत असेल तर बाकीचे पैसे त्याला कुणाकडून मिळतात, एवढा प्रश्न विचारला की पुष्कळ कोडी सुटतात.

दुसऱ्या बैठकीला आई पण आली. त्या दिवशी फक्त हिशेब केला. पौंडाला १२० रुपये धरले. फी २२ लाख २० हजार. लंडनबाहेर राहणाऱ्याला व्हिसासाठी महिना १,१७१ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचा खर्च खात्यात २८ दिवस दाखवावा लागतो, ते साडेबारा लाखांच्या पुढे. आरोग्याचा सरचार्ज १,१६४ पौंड, व्हिसाची फी तेव्हा ५२४. विमान, कपडे, सुरुवातीचं सामान धरून आकडा ३८ लाखांवर गेला. राहायचंय बारा महिने आणि पैसे दाखवायचे नऊ महिन्यांचे, हे आईच्या लक्षात आलं, आमच्या नाही. "तीन महिने काय खाणार?" एजंट म्हणाला होता की पार्टटाइममध्ये सुटतं. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि ते मिळालं तर.

३५ लाखांचं कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत दहा वर्षं. हप्ता ४८ हजारांच्या घरात. शिकत असतानाचं व्याज न भरता साठू दिलं तर ५५ हजारांच्या पुढे. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यावर मागतात. म्हणून घराची कागदं. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी हा मुलगा विशेष मागास प्रवर्गातून अर्ज करू शकला असता, पण तिला जागतिक क्रमवारीची अट असते आणि हे विद्यापीठ त्यात बसत नव्हतं.

मग 'दोन वर्षं मिळतात' हे वाक्य तपासलं. शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारा ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा होता हे खरं. पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि एमएस्सीवाल्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. सप्टेंबर २०२६ ला गेलेला मुलगा अर्ज करणार २०२७ च्या शेवटी. म्हणजे त्याचे १८. त्यानंतर तिथे राहायचं तर प्रायोजक कंपनी हवी आणि पगार वर्षाला साधारणपणे ४१,७०० पौंड, नवख्याला सवलतीत ३३,४००. अशक्य आहे असं मी म्हटलं नाही. अवघड आहे असं म्हटलं, आणि वडिलांना एकच विचारलं: तो १८ महिन्यांनी परत आला आणि पुण्यात नोकरीला लागला, तर हप्ता कोण भरणार?

कुणीच बोललं नाही. मग मुलगा हळूच म्हणाला की कॅम्पसमधून पुण्यातल्या एका लहान कंपनीत त्याची निवड झाली आहे, वर्षाला ४ लाख २० हजार. डिसेंबरातच. घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर "मग कशाला जातोस" म्हणाले असते. आई त्याच्याकडे बघत राहिली. वडिलांनी तेलुगूत काहीतरी म्हटलं, त्याचं भाषांतर मी मागितलं नाही.

तिसऱ्या बैठकीला मी त्याला एकट्यालाच बोलावलं. समुपदेशनात आकड्यांचा भाग सोपा असतो. खरी गाठ वेगळीच असते. वर्गातले सहा जण चालले होते, त्यांचा ग्रुप होता, त्यात रोज तिकिटांचे आणि सामानाचे फोटो. ज्या विषयाची पदवी घेतोय त्यातलं आपल्याला काही येत नाही आणि बाहेर जाऊन आलो तर हे कुणाला कळणार नाही, ही त्याची भीती होती. रडला थोडा. मग मी विचारलं, चार वर्षांत स्वतःहून केलेलं, कुणी न सांगता केलेलं काही आहे का?

"एक प्रोजेक्ट आहे, पण तो फसला."

मागावरच्या टॉवेलमधला दोष कॅमेऱ्याने ओळखायचा. तुटलेला ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग. इंटरनेटवरच्या कापडाच्या हजारो फोटोंवर मॉडेल शिकवलं, कॉलेजात ९६ टक्के अचूक आलं, मार्क मिळाले. घरी वडिलांच्या मागावर मोबाइल टांगला तर दर दुसरा टॉवेल खराब ठरू लागला. का? इंटरनेटवरचे फोटो सपाट कापडाचे होते. टॉवेलला लूप असतात, त्यांची बारीक सावली मॉडेलला दोष वाटायची. आणि हे शोधलं कुणी, तर वडिलांनी. ते म्हणाले होते, "सकाळी कमी चुकतंय, ट्यूब लावली की जास्त चुकतंय. उजेडाचं बघ."

मी त्याला म्हटलं, मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण तू आत्ता जे सांगितलंस ते कुठल्याही यादीतल्या खुणेपेक्षा जास्त आहे. एका ठिकाणचा डेटा दुसऱ्या ठिकाणी का चालत नाही, हा त्याच्या क्षेत्रातला मोठा आणि खरा प्रश्न आहे हे त्यानेच मग अर्धा तास समजावलं. हातवारे करत. तोवर तो माझ्याशी एवढं बोललाच नव्हता. तो फसलेला प्रकल्प त्याने विद्यापीठाला पाठवायच्या निवेदनात घातलासुद्धा नव्हता. एजंटाने लिहून दिलेल्या निवेदनात 'लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड' होती.

चौथ्या बैठकीत सगळे होते. आता प्रश्न बदलला होता: प्रतिमांवरचं काम आणि त्याला लागणारं गणित नीट कुठे शिकायला मिळेल? देश त्यानंतर. अमेरिका पैशांमुळे आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सध्याच्या गोंधळामुळे त्यांनीच बाजूला ठेवली. देशातला पर्याय होता: २०२४ पासून गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे, आणि गेटवर एम.टेक.ला गेल्यास महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. वडिलांना ते फार आवडलं. मुलाला जर्मनी पटली. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. जगण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात आधी ठेवावे लागतात, साडेबारा लाखांच्या आसपास, आणि त्यातून दरमहा ठरावीक रक्कम मिळते. भारतीय मुलांना आधी एपीएस या जर्मन दूतावासाच्या पडताळणी केंद्राकडून शैक्षणिक कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात. आणि ती विद्यापीठं बी.टेक.च्या एकेका विषयाचे क्रेडिट मोजतात, गणित कमी पडलं तर शाखेचं नाव काही वाचवत नाही. त्याचं कमीच होतं थोडं. तसं मी स्पष्ट सांगितलं. शिकवणं इंग्रजीतून असलं तरी नोकरीला जर्मन लागते, हेही.

मी कुठलाच पर्याय निवडून दिला नाही. ४,००० पौंड त्या महिन्यात भरायचे नाहीत, एवढंच ठरलं. एजंटाला दिलेले २५ हजार बुडाले. त्याबद्दल वडील अजून कुरकुरतात, आणि मुलाने नोकरी लपवली याबद्दल आई.

निकाल लागला की तो पुण्याच्या कंपनीत रुजू होणार आहे, वर्षभर पैसे साठवायचे आणि गणिताचे दोन पेपर ऑनलाइन करायचे असा बेत आहे. पुढच्या वर्षी अर्ज करेल, किंवा गेट देईल, किंवा तिथेच रमेल. शनिवार-रविवारी मागावरच्या टॉवेलचे फोटो काढतो, सकाळचे वेगळे, ट्यूबचे वेगळे. दोषाभोवती खुणा वडील करतात, मोबाइलवर बोटाने चौकोन काढून.

परवा आईचा फोन आला होता. मुलाने जर्मनचा क्लास लावलाय म्हणाली, त्याला सगळं जमतंय, फक्त कुठल्या शब्दाला डेर, कुठल्याला डी आणि कुठल्याला डास ते लक्षात राहत नाही.

मी म्हटलं, मराठीसारखंच आहे ते, तो-ती-ते.

"तेच तर, मॅडम," ती म्हणाली. "आमचं मराठीतच तो-ती-ते चुकतंय."