दुर्मीळ जर्मन आडनाव शोधताय? अर्थाची घाई नको

शब्दकोश उघडून लगेच आडनावाचा अर्थ लावू नका, एवढं माझं ऐका. चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचंच घ्या. जर्मनमध्ये 'ड्यूर' म्हणजे सुकलेला, किडकिडीत. आडनाव त्यावरूनच आलं असेल असं कुणालाही वाटेल. पण त्याच्या वडिलांचं घराणं हंगेरीतल्या आयतोश गावचं, आणि हंगेरियनमध्ये 'आयतो' म्हणजे दार. सोनारकाम करणारे वडील १४५५ मध्ये न्यूरेंबर्गला आले. तिथे नावाचं भाषांतर झालं 'ट्यूरर' (जर्मनमध्ये 'ट्यूर' म्हणजे दार), आणि बोलीतल्या उच्चाराने त्याचं ड्यूरर. घराण्याच्या चिन्हावर उघडं दार आहे, किती सुंदर पुरावा!

म्हणून तुमचं आडनाव ट-ड, प-ब बदलूनही शोधा.

तुमच्या आडनावाचे किती लोक कुठे आहेत ते टेलिफोन नोंदींवरून काढलेल्या आडनावांच्या नकाशांवरून कळतं, पण तो आकडा जोडण्यांचा असतो, माणसांचा नव्हे. ठिपके देशभर विखुरलेले दिसले तर १९४५ आठवा: दुसऱ्या महायुद्धानंतर सायलेशिया, पूर्व प्रशिया या जर्मनीच्या तेव्हाच्या पूर्वेकडच्या प्रांतांतून हाकललेली जर्मन कुटुंबं मिळेल तिथे वसली. मूळ गाव आज पोलंडमध्येही असू शकेल. सरकारी जन्म-मृत्यू नोंदी सबंध जर्मनीत १८७६ पासून. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत, आणि तिथे एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. तिन्ही उतरवून ठेवा.