गाडीला रोलरने रंग? होतो की, पण जीव पेपर मारण्यात ओता

प्रश्न: माझी २००३ची पांढरी मारुती ८०० आहे. २०२३ला आरसी रिन्यू झाली, म्हणजे २०२८ पर्यंत चिंता नाही, इंजिनही ठणठणीत आहे. पण टपावर आणि बॉनेटवर हात फिरवला की हाताला पांढरी पावडर लागते आणि दारांच्या खालच्या कडांना गंज धरलाय. गॅरेजवाला फुल पेंटचे जेवढे सांगतो तेवढ्यात अशीच दुसरी गाडी येईल. घरच्या घरी फोमच्या रोलरने ऑइल पेंट मारता येतो असं ऐकलं, खरंच जमतं का, की गाडीचं वाटोळं होईल? — एक वाचक, ऐरोली

उत्तर: जमतं दादा, आणि तुमची गाडी त्यासाठी अगदी योग्य आहे कारण ती पांढरी आहे, साधा रंग आहे आणि तुम्हाला ती विकायची नाहीये, वापरायची आहे. पण रंगाचा डबा आणायच्या आधी एक गोष्ट करा. बॉनेटच्या एका कोपऱ्यात वीतभर जागा साबणाने धुवून कोरडी करा आणि तिथे हाताने रबिंग कंपाउंड घासा. फडकं पांढरं होईल, होऊ द्या, त्याचा अर्थ वरती क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर नाही, थेट रंगच आहे. त्या वीतभर जागेत खाली चांगला चकचकीत पांढरा निघाला आणि प्रायमर दिसला नाही, तर टपाला आणि बॉनेटला रंग नकोच, उन्हाने वरचा थर मेलाय एवढंच, तो घासून काढा, वॅक्स लावा आणि फक्त दारांच्या कडांचं काम करा. ज्या रंगाला वाचवता येतं त्याच्यावर नवा रंग चढवणं मला पटत नाही, कंपनीत भट्टीत भाजलेल्या रंगाची बरोबरी आपला हात करू शकत नाही.

प्रायमर दिसायला लागला तर मग मात्र पूर्ण गाडी रंगवायला घ्या.

आता रोलरने रंग नीट बसतो तो का, हे आधी समजून घ्या म्हणजे दुकानदार काहीही गळ्यात मारणार नाही. सिंथेटिक एनॅमल, ज्याला आपण सगळे ऑइल पेंट म्हणतो, तो हळू सुकतो. हळू सुकतो म्हणून रोलरचे वळ पडले तरी रंगाला आपोआप पसरून सपाट व्हायला वेळ मिळतो. गॅरेजमधला एनसी (नायट्रोसेल्युलोज) किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग झटपट ओढतो, त्यावर रोलर फिरवलात तर वळ तसेच गोठतात. शिवाय पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसांना वाईट, घरी त्याच्या वाटेला जायचं नाही. अमेरिकेत हौशी लोकांनी गंजरोधक एनॅमल मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून हीच पद्धत रुळवली. आणि हाताने रंगवणं म्हणजे काही कमीपणा नाही. १९२३च्या सुमाराला जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ड्युपाँटचा ड्यूको रंग स्प्रेने मारायला लागले, त्याच्या आधी गाड्यांना ब्रशनेच हातावर हात चढायचे आणि ते सुकायला कित्येक दिवस, कधी कधी आठवडे जायचे. आपल्याकडे बऱ्याच ट्रकची बॉडी आजही एनॅमल आणि ब्रशने रंगते.

सुरुवात गंजापासून. दाराची खालची कड गंजते त्याचं कारण बहुतेक वेळा आतून असतं. काचेवरून दारात उतरलेलं पावसाचं पाणी बाहेर पडायला दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, ती धुळीने आणि पानांच्या चोथ्याने बुजतात, पाणी आत साठतं आणि पत्रा आतून खातं. तर पहिल्यांदा खाली बसून तारेने ती भोकं मोकळी करा, वरून बाटलीभर पाणी ओतून बघा, धार लागली पाहिजे. ही भोकं पुट्टीने किंवा रंगाने बुजली तर पुढच्या पावसाळ्यात सगळं काम वाया. मग तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा सँडपेपर घेऊन उघडा पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासा, खड्ड्यात उरलेल्या काळ्या ठिपक्यांना फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर लावा, डब्यावर लिहिलंय तसं धुवा, पूर्ण सुकवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. उद्यावर टाकू नका, आपल्याकडे खाडीची हवा आहे, उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो. स्क्रूड्रायव्हर टोचला आणि आरपार गेला तर ते पुट्टीचं काम नाही, तिथे पत्रा कापून वेल्डिंगच करावं लागतं.

प्रायमर झिंक फॉस्फेटचा मिळाला तर उत्तम. रेड ऑक्साइड चालतो पण पांढऱ्याखाली त्याचा तांबडेपणा दिसत राहतो आणि दोन हात जास्त मारावे लागतात. प्रायमर म्हणजे रंग नव्हे बरं का, तो पाणी शोषतो, नुसता प्रायमर मारून गाडी महिनाभर पावसात फिरवली तर खाली पुन्हा गंज सुरू. पोचे भरायला लांबी म्हणजे जाड पुट्टी, सुईच्या टोकाएवढ्या भोकांना एनसी पुट्टी, आणि दोन्हींवर परत प्रायमर.

बाकीच्या गाडीचा जुना रंग काढायचा नाही, फक्त ४०० नंबरच्या वॉटर पेपरने साबणाच्या पाण्यात घासून मंद करायचा. पाणी लावूनच घासा, जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला, गाडी त्याच्या कितीतरी आधीची आहे, तेव्हा कोरडी धूळ उडवायची नाही आणि मुलांना लांब ठेवायचं.

मग रंग. छोट्या गाडीला २ लिटर पुरून उरतो. रोलर ४ इंची, बारीक दाट फोमचा घ्या, भिंतीचा केसाळ रोलर नको. रंग मिनरल टर्पेंटाइनमध्ये इतका पातळ करा की काडीवरून सुटताना त्याची तार धरली जाणार नाही, थेंब पडतील. ट्रेमध्ये रोलर निपटून घ्या, जोर न लावता फिरवा, एका वेळी एकच भाग: बॉनेट, मग एक दार, मग दुसरं. बारीक बुडबुडे दिसतील, कोरडा होत आलेला रोलर नुसत्या त्याच्या वजनाने वरून एकदा फिरवा, फुटतात. उभ्या पत्र्यावर ओघळ आला तर लगेच उचला, सुकल्यावर तो घासत बसण्यात अर्धा दिवस जातो.

पहिला हात बघून तुम्ही घाबरणार. खालचं सगळं दिसतं, डाग डाग वाटतात, शेजारी येऊन काहीतरी बोलतोच. थांबायचं नाही आणि जाड हातही मारायचा नाही. पातळ पाच-सहा हात, प्रत्येकाच्या मध्ये एक पूर्ण दिवस, आणि दर दोन हातांनंतर ६०० किंवा ८०० चा पेपर पाण्यात बुडवून लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून मारायचा. इथेच खरं काम आहे. घासून झालं की रबराच्या पट्टीने पाणी ओढून बॉनेट तिरक्या उजेडात बघा, सगळं दुधाळ मंद झालेलं असेल आणि मध्येच चमकते ठिपके दिसतील, तो प्रत्येक चमकता ठिपका म्हणजे पेपर न पोचलेला बारीक खळगा. पुढच्या दोन हातांत ते ठिपके कमी होतात, मग अजून कमी होतात. पूर्ण गेले की शेवटचा हात मारून दोनेक आठवडे थांबा, मग १०००, १५००, २००० आणि रबिंग कंपाउंड. कडांवर आणि बॉडीलाइनवर पेपर जपून, तिथे रंग सगळ्यात आधी उडतो. वॅक्स मात्र महिनाभर तरी नको, एनॅमल आतपर्यंत कडक व्हायला वेळ घेतो.

दोन गोष्टी मनाची तयारी म्हणून सांगतो. पांढरा एनॅमल कालांतराने थोडा पिवळसर होतो, सावलीत उभ्या गाडीचा जास्तच. आणि उद्या कधी गॅरेजमध्ये पीयू मारायचं ठरवलंत तर त्यांना आधी हा सगळा थर काढावा लागेल. हे दोन्ही मान्य असेल तर बिनधास्त करा.

प्रश्न: बजाज स्कूटरचं मडगार्ड आणि साइडचे डबे घरी रोलरने रंगवले, छान झालं होतं. चार दिवसांनी लवकर सुकावा म्हणून दुसऱ्या हातासाठी रंगात गॅरेजवाला थिनर घातला तर पूर्ण रंगाला सुरकुत्या पडल्या. रंग नकली होता का? — एक वाचक, कळवा

उत्तर: रंगाचा काही दोष नाही, थिनरने घात केला. एनसी थिनर खूप जहाल असतो, चार दिवसांचा एनॅमल वरून सुकलेला पण आतून कोवळा असतो, थिनर आत शिरून त्याला फुगवतो आणि तो पत्र्यावरून उचलला जातो. एनॅमलवर एनॅमल मारा आणि त्यात टर्पेंटाइनच घाला. आता सुरकुतलेला भाग स्क्रॅपरने काढून टाका, उरलेला कडक होऊ द्या, कडा पेपरने उतरत्या करून पुन्हा सुरुवात करा. लवकर सुकवण्यासाठी हवा लागते, थिनर नाही.

प्रश्न: आमच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंग आहे, सेक्रेटरी काका म्हणतात वास येतो, इथे काही करायचं नाही. काय करू? शिवाय कोणत्या महिन्यात करावं? — एक वाचक, नेरुळ

उत्तर: काकांचं बरोबर आहे हो, त्यांच्याशी भांडू नका. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते आणि बहुतेक बिल्डिंगमध्ये मीटरची खोली स्टिल्टमध्येच असते. गाडी कंपाउंडच्या मोकळ्या कोपऱ्यात घ्यायची परवानगी मागा, किती दिवस लागतील ते आणि ठरलेली वेळ सांगा, लोक ऐकतात. रंगाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका, तेलकट रंगाची फडकी आपोआप तापून पेटू शकतात, मोकळी पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणि एक कळकळीने सांगतो, उरलेलं टर्पेंटाइन आणि घासल्याचं दुधाळ पाणी गटारात सोडू नका. आपली गटारं नाल्यात आणि नाले ठाणे खाडीत जातात, २०१५ला तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ला रामसरच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत नाव आलं, नेरुळमध्ये राहून हे वेगळं सांगायला नको. टर्पेंटाइन बरणीत ठेवा, रंग तळाला बसतो, वरचं नितळ पुन्हा वापरता येतं. घासल्याचं पाणी बादलीत धरा, गाळ सुकवून घातक कचऱ्यात वेगळा द्या.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात विचारही नको. थंडीत सकाळी पत्र्यावर दव असतं, ते पुसून, ऊन लागून कोरडं झाल्यावर दहाच्या पुढे सुरुवात करा आणि दुपारी दोन-अडीचपर्यंत आवरा, म्हणजे संध्याकाळचं दव पडायच्या आत वरचा थर धरतो. थेट उन्हात तापलेल्या बॉनेटवर मारू नका, वर साय धरते, आतलं टर्पेंटाइन अडकतं आणि फोड येतात.

प्रश्न: माझी सिल्व्हर सँट्रो आणि भावाची जुनी जीप, दोन्ही रोलरने करायचा विचार आहे. जीपला मिलिटरी हिरवा द्यायचाय. — एक वाचक, वाशी

उत्तर: सँट्रो राहू द्या. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, ते सारखे बसले तरच रंग एकसारखा दिसतो आणि ते फक्त स्प्रेने होतं, रोलरने पट्टे पट्टे येतात.

जीपला रोलर एकदम छान, सपाट पत्रे आहेत, पण तो हिरवा नको. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ सांगतो की ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. दुसरा कुठलाही रंग घ्या, पण आरसीवर रंगाची नोंद असते, तेव्हा रंग बदलणार असाल तर डबा उघडण्याआधी गाडी ज्या आरटीओची आहे तिथे जा, एमएच-४३ असेल तर तुमचं वाशीचंच, एमएच-०४ असेल तर ठाणे. आधी तिथे विचारून कागद करून घ्या. आहे तोच रंग पुन्हा मारणार असाल तर नोंद बदलायचा प्रश्नच येत नाही.