दुर्बीण नाही, खिडकी एकच आणि समोर इमारत. घरबसल्या कोणत्या खगोलीय घटना पाहता येतील?

तुम्ही तीन अडचणी लिहिल्यात: दुर्बीण नाही, पश्चिमेला एकुलती एक खिडकी, आणि तिच्यासमोर सात मजली इमारत. यातली शेवटची तर अडचणच नाही, फुकटात मिळालेलं उपकरण आहे. मी स्वतः गृहखगोलशास्त्र या शाखेचा संस्थापक आणि आजमितीस एकमेव अभ्यासक असल्यामुळे जरा अधिकारवाणीने बोलतो, सांभाळून घ्या.

सोप्या निरीक्षणापासून सुरुवात करू. शुक्राचं सूर्यावरून अधिक्रमण (म्हणजे शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत जाणं) भारतातून 8 जून 2004 ला दिसलं, मग 6 जून 2012 ला, आणि आता पुढचं थेट डिसेंबर 2117 मध्ये. एवढा दम ज्यांना निघत नाही त्यांच्यासाठी पालीचं ट्यूबलाइटवरून अधिक्रमण उपलब्ध आहे. पावसाळ्यात दिवेलागणीनंतर बहुधा रोज, नशीब असेल तर दोन पाली एकदम. प्रथम स्पर्श (कडेला कडा टेकते तो क्षण), द्वितीय स्पर्श (सगळा ठिपका आत येतो तो क्षण) ही सगळी परिभाषा जशीच्या तशी लागू पडते. शुक्र सूर्याच्या कडेपाशी असताना मध्ये काळा थेंब लोंबकळल्यासारखा दिसतो आणि त्यामुळे अठराव्या शतकातल्या भल्याभल्या निरीक्षकांना स्पर्शाची नेमकी वेळ टिपता आली नव्हती. इथे तोच घोळ शेपटीमुळे होतो. मात्र शुक्र मध्येच थांबून पतंग गिळत नाही, त्यामुळे पालीचं गणित मांडणं तुलनेने अवघड.

आता खरं काम. खिडकीत उभं राहायची एक जागा पक्की करा, फरशीवर खडूने पावलं काढलीत तरी चालेल. तिथूनच रोज बघा की सूर्य समोरच्या इमारतीच्या कुठल्या भागामागे जातो. महाराष्ट्रातून पाहिलं तर डिसेंबरात तो बरोबर पश्चिमेच्या सुमारे 25 अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. म्हणजे वर्षाकाठी पन्नास अंशांची येरझार. मार्च आणि सप्टेंबरच्या विशीत त्याला भलतीच घाई असते, मावळतीची जागा रोज जवळजवळ पाऊण सूर्यबिंबाएवढी सरकते. आज पाण्याच्या टाकीमागे, उद्या टाकीच्या कडेला, परवा पाचव्या मजल्यावरच्यांनी गच्चीत वाळत घातलेल्या सतरंजीमागे. तोच सूर्य जून आणि डिसेंबरच्या विशीत आठवडाभर जागचा हलत नाही. ज्या दिवशी तो परत फिरला असं तुमच्या लक्षात येईल त्या दिवशी पंचांग न उघडता तुम्ही उत्तरायण शोधलंत असं समजा. ते 21-22 डिसेंबरला सुरू होतं. संक्रांत अयनचलनामुळे (पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा संथपणे डुलतो त्यामुळे) पुढे सरकत आता तीन आठवडे उशिरा येते. तिळगुळाला त्याची हरकत नसते.

(सूर्याकडे टक लावून बघू नका, हे सांगायलाच हवं. बिंब तांबडं आणि निस्तेज होऊन इमारतीला टेकलं की ओझरती नजर टाका, नाहीतर सावली कुठे पडते ते बघा.)

हे सगळं पोरखेळ वाटत असेल तर कोल्हापूरला जाऊन या. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे आणि तिथला किरणोत्सव म्हणजे याच निरीक्षणाचं देखणं रूप. 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला तेच. याच तारखा का? 21 डिसेंबरपासून मागे मोजा आणि पुढे मोजा, दोन्हीकडे सहा आठवडे भरतात. सूर्य जाताना ज्या जागी मावळला, येतानाही तिथेच मावळणार. ढग, धुकं आणि वाटेतली बांधकामं यांवरून तिथेही दरवर्षी चर्चा झडते, तेव्हा समोरच्या बिल्डरला शिव्या घालणारे तुम्ही एकटे नाही.

तुमच्याही घरात असा किरणोत्सव होतो, फक्त कुणी नोंद ठेवत नाही. आमच्याकडे मावळतीची तिरीप ग्रिलच्या चौकोनातून येऊन फ्रिजच्या दारावर पडते. एके दिवशी ती चुंबकाखाली अडकवलेल्या दुधाच्या बिलावर असते, मग हळूहळू हँडलवर येते, मग फ्रिज सोडून शेजारच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर जाते. तुमच्याकडे 20 फेब्रुवारीला हँडल उजळलं असेल तर तसंच ते 21-22 ऑक्टोबरलाही उजळणार, लिहून घ्या. भिंतीवर पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख टाका. घर भाड्याचं असेल तर चिकटपट्टी वापरा, घरमालकांना विज्ञानाची गोडी असेलच असं नाही.

यापेक्षा नाट्यमय घटना हवी असेल तर टीव्ही लावा. घरावर डीटीएचची छत्री असेल तर वर्षातून दोनदा, साधारण 12 मार्चच्या आणि 1 ऑक्टोबरच्या आगेमागे काही दिवस, अकरा-बाराच्या सुमारास पाच-दहा मिनिटं चित्राचे चौकोन होऊन पडदा गप्प बसतो. आभाळ निरभ्र, वायर शाबूत, रिचार्ज भरलेलं. ही वेळ नेमकी कालच्या मालिकेच्या पुनःप्रक्षेपणाची असल्याने आमच्या आईचा सिद्धांत असा, की चॅनेलवाले मुद्दाम करतात. प्रत्यक्षात त्या मिनिटांत सूर्य बरोब्बर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. उपग्रह आपल्यापासून 36 हजार किलोमीटरवरून पुटपुटतोय, सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवरून रेडिओलहरींत ओरडतोय, आणि छत्रीला दोघं एकाच दिशेला. ती बिचारी ऐकणार कुणाचं?

हे दिवस-रात्र सारखे असतात त्या विषुवदिनीच (मार्च आणि सप्टेंबरच्या विशीत) का होत नाही, असा प्रश्न तुम्हाला पडायला हवा (आईला पडला नाही, तिला सासूच्या खोलीत कोण शिरलं हे हवं होतं). हे उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर असतात आणि आपण उत्तरेला अठरा-वीस अक्षांशांवर, त्यामुळे आपल्याला ते खगोलीय विषुववृत्ताच्या (विषुवदिनी सूर्य आभाळात ज्या रेषेवर असतो तिच्या) किंचित, तीनेक अंश, दक्षिणेला दिसतात. सूर्य वसंतात उत्तरेकडे येताना विषुवदिनाच्या आठवडाभर आधी ती जागा ओलांडतो आणि शरदात परत जाताना आठवडाभर नंतर. म्हणजे मालिका बंद पडण्याच्या तारखेवरून आपण किती उत्तरेला राहतो हे काढता येतं. माझ्या माहितीत अक्षांश मोजायची याहून आळशी पद्धत नाही, पलंगावरून उठावंही लागत नाही.

छत्रीचा विषय निघालाच आहे तर कबुतरांनाही न्याय देऊ. 1964 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होमडेल इथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या मोठ्या अँटेनात एक खरखर येत होती, कुठल्याही दिशेला वळवा, जातच नव्हती. आत कबुतरांनी घरटं केलेलं. त्यांनी कबुतरं हाकलली, विष्ठा खरवडून काढली, खरखर तशीच. ती निघाली महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणाची आणि 1978 साली दोघांना नोबेल मिळालं. आमच्या गॅलरीतली कबुतरं गेली कित्येक वर्षं तेवढ्याच निष्ठेने काम करताहेत, पण निवड समितीपर्यंत काही पोचत नाही. त्याच प्रारणाचा अंश, फार तर शेकड्यात एक, जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर चॅनेल नसताना दिसणाऱ्या मुंग्यांमध्येही असायचा. टपावर थाप मारून आपण विश्वाचा जन्म घालवायला बघत होतो.

आता थोडं गच्चीवरचं. शून्य सावलीचा दिवस (भरदुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो) पुण्यात 13-14 मेच्या सुमारास, मुंबईत 15-16 मेला, नागपुरात 26 मेच्या आसपास येतो, पुण्या-मुंबईत दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर लगेच. जुलैअखेरीस पुण्या-मुंबईत तो पुन्हा येतो, पण तेव्हा बहुतेकदा सूर्यच रजेवर असतो. सरळ उभ्या कडांचा स्टीलचा डबा उन्हात ठेवा, सावली गायब होते. फुलपात्र मात्र घेऊ नका. ते वरून रुंद असतं, त्यामुळे सूर्य थेट डोक्यावर आला तरी तळाभोवती सावलीचं कडं उरतंच आणि तुम्ही उगाच आर्यभटावर संशय घ्याल.

तिथेच एक चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी साठलेल्या मातीतून फिरवा. जे काळं बारीक चिकटेल त्यात अंतराळातून आलेली धूळ असू शकते. थट्टा नाही, यॉन लार्सन या नॉर्वेच्या जाझ वादकाने शहरांतल्या छपरांवरचा गाळ चाळायचा ध्यासच घेतला आणि 2017 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांबरोबर तो शोध रीतसर छापून आला. 300 किलो गाळातून सुमारे 500 सूक्ष्म उल्काकण, एकेक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. आपल्याकडे मिळणारे बहुतेक कण शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या ग्राइंडरचे आणि दिवाळीच्या फटाक्यांचे असतील, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय नातेवाइकांना फोटो पाठवू नका. पण गच्ची झाडायला कुणी सांगितलं तर ‘नमुने गोळा करायचेत’ म्हणून महिनाभर टाळता येतं, हा उपयोग आहेच.

राहता राहिली गच्चीची किल्ली, जी बहुतेक सोसायट्यांमध्ये सेक्रेटरींच्या घरी खुंटीला टांगलेली असते. मे महिन्याच्या भर दुपारी त्यांच्याकडे जाऊन ‘आज सावली नाहीशी होणार आहे, बघायचीये’ असं म्हणू नका, ते तुमच्या घरी फोन करतील. ‘छत्री हलली आहे, मॅच दिसत नाहीये’ म्हणा. किल्ली तर देतातच, वर मागोमाग स्वतःही येतात.