वाचक विचारतात : अँप्लिफायरचं डिस्टॉर्शन घरात ऐकू येतं का?

प्रश्न : माझ्याकडे २००३ साली इथल्याच मेकॅनिककडून बनवून घेतलेला ४० वॉटचा स्टिरिओ अँप्लिफायर आहे. आठ इंची वूफरचे दोन बॉक्स. रात्री जेवणं झाली की खंजिरी भजनं ऐकतो, कधी बासरी. वॉल्यूम वाढवला की आवाज फाटतो. पुण्यात शिकणारा मुलगा म्हणतो, जुन्याचं डिस्टॉर्शन, म्हणजे अँपने मूळ आवाजात घातलेली भेसळ, ०.५ टक्के आहे, नव्याचं ०.००५, १८ हजारांत नवा घेऊन टाका. कापसाचे पैसे आले आहेत. घ्यावा का?
(एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, कापसाचे पैसे आठ दिवस बँकेतच राहू द्या. आधी सांगा, आवाज दुपारीही फाटतो, की फक्त रात्री?

आर्वीत माझं दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा एक शेतकरी एकच अँप तीनदा घेऊन आला. दुकानात लावला की काही खोट सापडेना. तो म्हणे, “दिवसा मस्त वाजते भाऊ, रातच्याला फाटते.” शेवटी हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत मीच मीटर घेऊन त्याच्या गावी गेलो. रात्री नऊला सॉकेटवर १६८ व्होल्ट! डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, गावभरच्या मोटारी चालू, घरातला बल्ब पिवळा पडलेला. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँपला २३० च्या जागी १६८ मिळाले की आतला डीसी पुरवठा त्याच प्रमाणात उतरतो आणि पॉवर तर वर्गाच्या हिशेबाने जाते. तुमच्या ४० वॉटचे जेमतेम २१ उरतात. मग भजनाचा स्वर चढला की लहरीचा माथा सपाट कापला जातो. हेच क्लिपिंग. त्या वेळी डिस्टॉर्शन ०.५ टक्के राहत नाही. जोरात ओढलं तर १० टक्क्यांवरही जातं, आणि ते लहान पोरालाही कळतं. नवा अँप तशाच ट्रान्सफॉर्मरचा निघाला तर त्याचाही पुरवठा १६८ वर असाच उतरेल.

आता मुलाचा हिशेब. त्याचे आकडे मी खोटे म्हणत नाही, फक्त ते कानाच्या मापात मांडून बघू. ०.५ टक्के म्हणजे मूळ आवाजाच्या ४६ डेसिबल खाली, ०.००५ म्हणजे ८६ खाली. तुम्ही ७५ डेसिबलवर ऐकता असं धरू. रात्री घरात तेवढं भरपूर होतं. जुन्या अँपची भेसळ मग २९ डेसिबलवर बसते आणि नव्याची शून्याच्याही खाली, म्हणजे ऐकूच न येण्याइतकी. छताचा पंखा एकटाच ४० च्या आसपास असतो. शिवाय मोठा स्वर आपल्या जवळच्या बारीक स्वराला झाकून टाकतो, ते वेगळंच.

भेसळ कोणती, हे मला टक्क्यांपेक्षा मोठं वाटतं. २०० हर्ट्झचा षड्ज वाजवला आणि अँपने त्यात ४०० मिसळले, तर तो तार षड्ज झाला. ६०० मिसळले तर त्यावरचा पंचम. तंबोऱ्याची तार हे दोन्ही स्वतःच गाते, म्हणून ते सुरात विरून जातात. सातवा किंवा अकरावा पट मिसळला की तो कुठल्याच स्वरात बसत नाही. तो थोडासा असला तरी कानाला टोचतो.

आणि तुमचा अँप हाताने बांधलेला आहे, म्हणून इथे मी त्याची बाजू घेणार नाही. आउटपुटच्या दोन ट्रान्झिस्टरांचा बायस, म्हणजे त्यांना कायम जरासा चालू ठेवणारा प्रवाह, उतरला असेल तर लहर शून्यातून जाताना दर वेळी अडखळते आणि नेमकी हीच टोचणारी भेसळ तयार होते. क्लिपिंग मोठ्या आवाजात येतं, ही खोट हळू आवाजात उघडी पडते. पंखा बंद करा, बासरी अगदी हळू लावा आणि स्वर संपता संपताचं शेपूट ऐका. तिथे तो खरखरीत होऊन तुटत असेल तर बायस बघायला हवा. जाणत्या मेकॅनिककडे ते प्रीसेट, म्हणजे आतला बारीक जुळवणीचा स्क्रू, फिरवून मिलीव्होल्ट बघण्याचं काम आहे. स्वतः हात घालू नका, जास्त फिरला तर ट्रान्झिस्टर जळतात.

बॉक्सही तपासा. अँप बंद ठेवून वूफरचा कागद दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबा. आत घासल्यासारखं लागलं तर कॉइल घासते आहे. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कडेचा फोमही वीस वर्षांत भुगा होतो. चांगला वूफरसुद्धा जोरात वाजताना खर्जात एक-दोन टक्के भेसळ सहज करतो, तुमच्या अँपच्या ०.५ टक्क्यांच्या दोन ते चार पट.

मुलगा सुट्टीत नवा अँप घेऊन आलाच तर दोन्ही एकाच बॉक्सवर, मध्ये चादर धरून ऐका. पण आधी दोघांचा आवाज सारखा करा, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच सरस वाटतो. मोबाइलवरून २०० हर्ट्झचा स्वर हळू लावायचा आणि बॉक्सच्या वायरींवर मीटरने एसी व्होल्ट जुळवायचे. दुकानात मी ही परीक्षा पुष्कळांची घेतली. अँप धडधाकट आणि आवाज बेताचा असला की कुठला कुठला, ते बहुतेकांना सांगता आलं नाही.

दुपारी दोनला आणि रात्री नऊला सॉकेटवरचे व्होल्ट मोजा. रात्रीचा आकडा १९० च्या खाली आला तर १४० पासून काम करणारा ५०० व्हीएचा स्टॅबिलायझर आणा. तुमच्या अँपला तेवढा पुरतो. दोन्ही आकडे आणि बासरीच्या शेपटाचं काय झालं, तेवढं मला लिहून कळवा. मग नव्या अँपचं बोलू.