पाळकांच्या घराचे स्मारक आणि पुतण्याचा हिस्सा

प्रश्न : माझे वडील अहिल्यानगर जिल्ह्यात पाळक होते. त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेल्या घरात मी आज सहकुटुंब राहतो. त्यांची खोली, पेटी आणि उपदेशांच्या वह्या आम्ही जपल्या असून मंडळीतील लोक तेथे प्रार्थनेला येतात. वडिलांनंतर आई आणि तिच्यानंतर थोरले भाऊ गेले. आता मी, धाकटा भाऊ, बहीण, वहिनी व त्यांचा एकुलता एक मुलगा उरलो आहोत. ‘हे घर सेवेसाठी राहावे,’ असे वडिलांनी वहीत सहीनिशी लिहिले आहे. पुतण्या मात्र आपला हिस्सा बिल्डरला विकणार म्हणतो. घरपट्टी माझ्या नावावर आहे. घराचे स्मारक कसे करता येईल?

उत्तर : आपली तळमळ रास्त आहे आणि आपला हेतू साध्य होण्याजोगा आहे, परंतु त्यासाठी उचलायच्या पावलांचा क्रम चुकता कामा नये. वहीतील मजकूर हे मृत्युपत्र ठरत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 63 नुसार मृत्युपत्रावर करणाऱ्याच्या सहीबरोबर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि आपण पाठवलेल्या प्रतीवर त्या नाहीत. त्यामुळे वडील मृत्युपत्र न करता निवर्तले, असेच धरावे लागेल.

ख्रिस्ती कुटुंबात मुलांना वडिलांच्या मिळकतीत जन्मतः हक्क नसतो. तो वारसा उघडल्यावर, म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर, याच कायद्याने मिळतो. वडिलांच्या पश्चात आईंना एकतृतीयांश आणि चार अपत्यांना उरलेला दोनतृतीयांश भाग समान, म्हणजे प्रत्येकी एकषष्ठांश मिळाला. आईंचा भागही पुढे चौघांत समान वाटला गेल्याने प्रत्येकाचा हिस्सा एकचतुर्थांश झाला. त्यात बहीण आणि भाऊ असा भेद नाही. थोरल्या भावांच्या चतुर्थांशापैकी एकतृतीयांश वहिनींचा व उरलेला पुतण्याचा, म्हणजे संपूर्ण घरात वहिनींचा हिस्सा एकद्वादशांश आणि पुतण्याचा एकषष्ठांश आहे. घरपट्टी आपल्या नावावर असल्याने यात काही फरक पडत नाही, कारण ती नोंद कर कोणी भरायचा एवढेच सांगते.

पुतण्याला स्वतःचा अविभक्त हिस्सा विकण्यापासून आपण रोखू शकत नाही. मात्र एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 44 प्रमाणे त्याला घरच्यांसोबत सामाईक ताबा मागता येत नाही. आणि त्याने वाटणीचा दावा लावला, तर वाटणी कायदा, 1893 च्या कलम 4 खाली कुटुंबातील हिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत विकत घेण्याची मागणी करता येते. ‘एकत्र कुटुंब’ हे शब्द येथे हिंदू कुटुंबापुरते मर्यादित नाहीत. हे संरक्षण राहत्या घराला आहे, ही गोष्ट मी आग्रहाने सांगतो. श्रद्धेपोटी आपण आजच मुक्काम हलवला आणि सगळे घर दर्शनासाठी खुले केले, तर ‘हे आता राहते घर उरले नाही’ असे म्हणायला बिल्डरला जागा मिळेल. म्हणून सध्या तेथेच राहावे, हे पहिले पाऊल. मुंबईतील ‘राजगृहा’त तळमजल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक आणि वरच्या मजल्यांवर कुटुंबाचे वास्तव्य आहे. स्मारकासाठी घर रिकामे करावेच लागते असे नाही.

दुसरे पाऊल म्हणजे मालकी एका हाती आणणे. पुतण्याशी बोलण्याआधी आपण वहिनींना भेटावे. त्यांचा हिस्सा स्वतंत्र आहे आणि त्यांना आजवर कोणी विचारलेले दिसत नाही, याचे मला वाईट वाटते. नोंदणीकृत मूल्यांककाकडून किंमत काढून वहिनी व पुतण्या दोघांना योग्य मोबदला देऊ करावा. दस्त नोंदणीकृतच हवा. त्यावरील मुद्रांक शुल्काबाबत शंका असल्यास मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून आधी अभिनिर्णय, म्हणजे किती शुल्क लागेल याचा अधिकृत निर्णय, करून घ्यावा.

त्यानंतरच न्यास (ट्रस्ट). धाकटा भाऊ व बहीण यांच्यासह सर्वांच्या संमतीवाचून संपूर्ण घर न्यासाकडे देता येणार नाही. आपण दिले तरी फक्त आपला हिस्सा जाईल. खासगी न्यासात मिळकत कायमची बांधून ठेवायला काळाची मर्यादा आड येते, तर सार्वजनिक हिताच्या दानाला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 18 त्या मर्यादेतून सूट देते. मात्र उद्दिष्टे जपून लिहावीत. पतीच्या समाधीच्या पूजेसाठी मिळकत कायमची बांधून ठेवणे सर्वोच्च न्यायालयाने 1953 मध्ये सरस्वती अम्माळ प्रकरणात वैध मानले नाही. ते प्रकरण हिंदू कायद्याचे होते, तरी केवळ एका व्यक्तीची आठवण हे सार्वजनिक उद्दिष्ट ठरायला कठीण आहे, हा बोध आपण घ्यावा आणि वाचनालय, भक्तिगीतांचा व उपदेशांचा संग्रह, अभ्यासकांना सोय, सर्वांना खुली उपासना, असे हेतू न्यासपत्रात लिहावेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 खाली न्यासाची नोंदणी करावी लागेल आणि पुढे कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून घर विकता येणार नाही. आपल्याला हवे ते संरक्षण हेच आहे, पण ते आपल्या मुलांनाही बांधील, म्हणून आपल्या राहण्याच्या खोल्या दानातून वगळायच्या की कसे, हे आधी त्यांच्याशी बोलून ठरवावे.

वह्यांमधील उपदेशांचा कॉपीराइटही याच वारसांकडे याच प्रमाणात आला आहे. वहिनी व पुतण्याबरोबरच्या करारात त्या वह्या, पेटी आणि छपाईचे हक्क यांचा उल्लेख आवर्जून करावा.