नायिकेच्या नकाराने कथा हलली पाहिजे
तू लिहिलेली कथा वाचली. तुझ्या नायिकेने नायकाला ठणकावलं, छान झालं. पण पुढे कथेत त्या ठणकावण्याने काहीच बदलत नाही. नुसत्या तडफदार संवादांनी नायिका स्वतंत्र होत नाही गं. शार्लट ब्राँटेची १८४७ची ‘जेन एअर’ ही कादंबरी नीट वाच. लग्नाआधी होणारा नवरा रॉचेस्टर जेनला अर्धा डझन पोशाख घेऊ पाहतो, ती त्याला दोनावर आणते. बाहुलीसारखं नटवून घेणं तिला सोसवत नाही. आपले चार पैसे असावेत म्हणून ती मदीरा बेटावरच्या काकाला पत्राने लग्नाचं कळवते, आणि त्याच पत्रामुळे रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत असल्याचं ऐन लग्नात फुटतं! तुझ्या नायिकेच्या पगाराने, हट्टाने पुढचं प्रकरण बदलतं का, ते बघ. बदलत नसेल तर तो संवाद खुशाल काढून टाक.